तांबडीच्या पायाचं माप

माश्यांचा पण एक सीझन असतो. आंब्याचा असतो, परीक्षेचा असतो, लग्नांचा असतो, तसाच. परतीचा पाऊस झोडपून जातो, मग एकदम ऊन तापतं, उकिरड्यातनं वाफा निघायला लागतात आणि त्या येतात. चहाच्या कपावर बसणाऱ्या माश्यांबद्दल नाही बोलत मी. त्या आपल्या बारमाही, घरच्यासारख्या. ह्या वेगळ्या. दिसायला जवळपास तशाच, पण तोंडाला सुई. आणि बसतात कुठं, तर जनावराच्या गुडघ्याखाली. तिथं शेपूट पोचत नाही, तिथली कातडी थरथरवता येत नाही, आणि सारखं तोंड खाली नेलं तर चरायचं राहतं. मग एकच उरतं. पाय आपटायचा.

सध्या मी सांगलीत असते, होस्टेलवर. कपडे डिझाइन करायचा कोर्स करते. आज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या रसवंतीत गेले तर बाहेर लिंबाच्या झाडाला वरातीची घोडी बांधलेली. अंगावर झालर, कपाळावर आरसे, डोक्यावर तुरा, सगळा थाट. आणि खाली नुसती धप्प, धप्प, धप्प. माझा रस तसाच राहिला. घोडीवाला म्हणाला, "काय ताई, रील काढायची का?"

"नाही ओ. पाय बघू का जरा?"

"कुनाचा?"

"घोडीचा!"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बगा. पर मागनं जाऊ नका, तिची लाथ लय गोड हाय."

पुढच्या पायांवर, गुडघ्याखालच्या नळीवर, बारीक बारीक रक्ताचे ठिपके. एकाखाली एक, मशीनची सुई चालवल्यासारखे. ते बघितलं आणि मला एकदम आमच्या गावचं मोकळं शिवार दिसलं, ओल्या मेंढरांचा वास आला, आणि यशोदामावशीचा आवाज. आता रूमवर येऊन हे धडाधड टाइप करतेय. रूममेट जेवायला बोलावतेय, तिला म्हणलं, थांब, एक घोडी आलीय डोक्यात, ती गेल्याशिवाय भूक लागायची नाही.

आमचं गाव कोरेगावपासून जवळच. रस्त्याच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला घेवडा. घेवडा निघाला की रान मोकळं पडतं आणि ज्वारी पेरायच्या आधी त्यात मेंढरं बसवायची. म्हणजे मेंढक्यांना बोलवायचं, त्यांचा कळप रात्री आपल्या रानात मुक्कामाला, लेंड्या-मूत पडून रान ताकदीचं होतं, आणि बदल्यात आपण त्यांना धान्य द्यायचं. आमच्याकडं हे सगळं माझे चुलते बघतात, अण्णा. अण्णा फौजेतनं रिटायर झालेत. घरात चहा मागताना पण "एक चाय, फौरन" म्हणतात. त्या वर्षी दसरा झाल्यावर त्यांनी जो कळप आणला तो आटपाडीकडचा. म्हाकूमामा, त्यांची बायको यशोदामावशी, मुलगा, सून, आणि नुकतं चालायला लागलेली नात, छकुली. आणि तांबडी.

तांबडी म्हणजे घोडी. मेंढक्यांत नाव रंगावरनं पडतं, उगाच कवितेतलं ठेवत नाहीत. बुटकी, रुंद पोटाची, डोळ्यांवर झिपऱ्या. तिच्या पाठीवर सगळं घर चालायचं. भांडी, वाकळा, कोंबड्यांची डालगी, त्या दिवशी जन्मलेली कोकरं, आणि सगळ्यात वर, वाकळांच्या खळग्यात, छकुली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा झेलायला दोन्ही हात पुढं करून पळालेच. एवढंसं पोर एवढ्या उंचावर! मावशी म्हणाली, "पोरी, तू पाळन्यात झोपलीस, ही घोडीवर झोपती. तांबडी तिच्या बापाला बी अशीच घिऊन आलीया कोकनातनं."

कारण त्यांचा रस्ता लांबचा. आटपाडीच्या माळावरनं निघायचं, आमच्याकडं मुक्काम, पुढं सातारा, मेढा, आणि मग घाट उतरून खाली कोकणात. पाऊस तोंडावर आला की परत. पण मजा अशी की आता बाकीच्या मेंढक्यांनी घोडी सोडल्यात. म्हाकूमामांच्या भावानं, सुबरावनं, पिकअप घेतलाय. भांडीकुंडी, लेकरं त्यात टाकायची आणि मेंढरांच्या मागं माणसांनी चालायचं. म्हाकूमामांचं पण त्या पिकअपवर मन बसलेलं. आणि त्या आठवड्यात तांबडी पाय आपटून आपटून बेजार झालेली. दिवसा खाईना, रात्री थांबेना, पुढच्या एका खुराची कड पण फुटलेली.

"घाट न्हाई उतरायची ही," म्हाकूमामा म्हणाले. "बाजार दावू हिला. वझं सुबरावच्या गाडीत."

"आन छकुली?"

"ती बी गाडीत."

"गाडीत वकती ती," मावशी म्हणाली. एवढंच. पण तिनं ज्या पद्धतीनं तांबडीच्या मानेवर हात टाकला त्यावरनं मला कळलं की प्रश्न छकुलीच्या ओकण्याचा नाही. बाजार दाखवायचा म्हणजे काय ते तिथं सगळ्यांना माहीत होतं. म्हाताऱ्या, लंगड्या घोडीला बाजारात विकत घेणारा माणूस तिला चालायला नेत नाही.

शेणीचा धूर करून झाला. करंजीचं तेल चोळून झालं, त्यानं तास-दोन तास बरं जायचं, मग दव पडलं की गेलं सगळं. मग मी माझा मोबाइल काढला. मी अशीच आहे, कुठलाही प्रॉब्लेम आला की आधी मोबाइल. आणि सापडलं! घोड्यांचे पायमोजे! जाळीचे, गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत, माश्या चावू नयेत म्हणून. मी ओरडतच रानात गेले. अण्णांना दाखवलं. अण्णा म्हणाले, "फौजमें खेचरांना आमी पट्ट्या बांधायचो, पर हे म्हंजे फॅशन परेड हाय." मावशीला दाखवलं. ती फोटोकडं बघून तोंडाला पदर लावून हसली. "लेगिंग? तुमी पोरी घालताय तसली? माज्या तांबडीला?"

मागवले. आले. झेब्र्याच्या पट्ट्यांचे होते. फोटोत पांढरे दिसत होते, पण जाऊ दे. मावशीनं घातले आणि पहिल्यांदा काय झालं असेल तर त्यांचीच कुत्री तांबडीवर भुंकायला लागली. सगळं रान हसलं. मग तांबडी चार पावलं चालली आणि मोजे खाली. इलास्टिक गेलेल्या शाळेच्या मोज्यासारखे, गोळा होऊन खुरावर. परदेशातल्या उंच घोड्यांच्या मापाचे ते. आमच्या माळावरच्या घोडीची नळी म्हणजे मनगटाहून थोडी जाड, तिला ते पातेल्यासारखे झाले. आणि चिकटपट्टी! ती चर्र करून उघडली की तांबडी डोळे पांढरे करून मागं सरायची. संध्याकाळपर्यंत त्या पट्टीत कुसळं, गोखरू, मेंढरांची लोकर असं सगळं बसलं आणि तिनं चिकटणं सोडून दिलं. ती पट्टी हिरव्या लॉनसाठी बनवली असणार. आमच्याकडच्या गवताची तिला कल्पनाच नव्हती.

आत्ता मगाशी मी परत ते रिव्ह्यू वाचत बसले होते. जगभरातली माणसं लिहितात. एका सीझनमध्ये फाटले, घोट्याला घासतात, धुतल्यावर आकसले, मोठी साइज पण घट्ट, छोटी पण सैल. वाचताना मला एकदम लय आपलं वाटायला लागलं. कुठल्या तरी थंड देशातली बाई आपल्या घोड्यापुढं गुडघ्यावर बसून तेच करतेय जे आम्ही त्या घेवड्याच्या रानात करत होतो. पायाचं माप घेऊन बघतेय.

तर माप. मम्मी माझी टेलर. आमच्या सोप्यात तिचं मशीन, गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडं. मी तिला ओढत रानात नेलं. ती आधी लांबच उभी राहिली. "पूजे, अगं मला घोडीची भीती वाटती."

"मम्मी, बाही समज. लांब बाही."

"हो का? आणि बाहीनं लाथ मारली तर?"

पण एकदा टेप हातात आला की मम्मी वेगळीच होते. भीती गेली. गुडघ्याखाली घेरा, मध्ये घेरा, घोट्याच्या वर घेरा, मग लांबी. मावशी तांबडीचं तोंड धरून उभी, मी आकडे मोबाइलमध्ये टाकतेय. मम्मी एकदम म्हणाली, "अगं, ही सरळ नळी न्हाईच. वर रुंद, मधी बारीक, खाली परत रुंद. सरळ शिवलं की घसरणारच. टक्स घालाय पायजेत." मग मावशीकडं वळून, "आवं, कंबर हाय तुमच्या घोडीच्या पायाला!"

"असंल की," मावशी म्हणाली. "माजी गेली, तिची ऱ्हायली."

पहिला जोड जुन्या मच्छरदाणीचा शिवला. दिसायला एकदम सुंदर, नवरीच्या हातमोज्यासारखा. एक दिवस टिकला. संध्याकाळी तांबडी ओढ्याच्या बोराटीतनं आली आणि पायाला नुसत्या झिरमिळ्या. मग अण्णांनी रोपवाटिकेतनं उरलेली हिरवी शेडनेट आणून टाकली. ती काय फाटत नाही, पण कापलेली कड सुईसारखी टोचते. मग मम्मीनं वर-खाली जुन्या फ्लॅनेलचा गोट लावला, माझ्या लहानपणच्या झबल्याचा. मधी टक्स. आत थोडी माया सोडली, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड. चिकटपट्टीच्या जागी टिचबटणं लावली तर पहिल्याच उडीत टप टप टप उडाली सगळी. शेवटी नाड्या. परकराच्या नाड्या, तिरप्या बांधायच्या, गाठ बाहेरच्या अंगाला. मम्मी म्हणाली, "एवढं सगळं करून माणूस शेवटी नाडीवरच येतं बघ."

आणि काय सांगू! त्या संध्याकाळी तांबडी गप उभी राहिली. तुम्हाला वाटेल, घोडी उभी राहिली त्यात काय. पण आठवडाभर धप्प धप्प ऐकलेल्या रानात ती शांतता म्हणजे काय होतं ते तिथं असलेल्यालाच कळेल. माश्या यायच्या, जाळीवर बसायच्या, सुई आतपर्यंत पोचायची नाही, उडून जायच्या. तांबडीनं मान खाली घातली आणि खायला सुरुवात केली. कचर कचर कचर. मावशी तिच्यासमोर बसून नुसती ऐकत होती. म्हाकूमामा लांबनं म्हणाले, "बाजारात हिरव्या पायाच्या घोडीला गिऱ्हाईक बरं मिळंल." पण आवाजात पहिला जोर नव्हता.

मग चार दिवसांनी जखम.

उजव्या पुढच्या पायाला, घोट्याच्या वर. आधी नुसते केस गेलेले दिसले, मग लाल, मग ओलं. बाकी तिन्ही पाय एकदम छान! मोजा काढला की जखमेवर माश्या, घातला की जखम ओली. तांबडी त्या पायावर भार देईना. जनावरांचे डॉक्टर येऊन मलम देऊन गेले. म्हणाले, काहीतरी घासतंय, बघा. आम्ही बघायला लागलो. मम्मीनं शिलाई बाहेर काढली, नाडी बदलली, गोट दुप्पट केला, टक्स उसवून परत घातले. दुसऱ्या दिवशी जखम वाढलेली. मम्मीचं तोंड एवढंसं झालं. कुणी तिला काय बोललं नव्हतं, पण तिनं मनाला लावून घेतलेलं. रात्री भाकरी थापताना म्हणाली, "एकाच मापाचे चारी शिवले. तीन पायांना बसले. मग एकालाच का माझी शिलाई लागती?"

म्हाकूमामांनी मग सरळच सांगितलं. "पुरं झालं. पुढच्या रानाचा मालक वाट बगतोय. परवा निघायचं. सुबराव येतोय गाडी घिऊन. घोडी बाजारात."

 मावशी तांबडीच्या उजव्या पायापाशी बसून माश्या वारत राहिली, पदरानं, एकसारखी.

दुसऱ्या दिवशी मी पण दिवसभर त्या ओल्या रानात. घरी येऊन पाय धुवायला बसले, माझी लेगिंग वर सरकवली, आणि डाव्या घोट्यावर बघितलं तर लाल वळ. काळ्या दोऱ्याचा. माझ्या वयाच्या सगळ्या पोरींच्या पायात असतो तसा काळा दोरा, एका पायात, नजर लागू नये म्हणून म्हणा, दिसायला भारी म्हणून म्हणा. एरवी तो सैल असतो, खाली-वर होतो, काही कळत पण नाही. पण त्या दिवशी भिजलेल्या घट्ट लेगिंगखाली अडकून बसलेला आणि त्याची गाठ दिवसभर एकाच जागी.

मी तशीच अनवाणी पळाले.

तांबडीच्या उजव्या पायात काळा दोरा होता. मेंढीच्या लोकरीचा, हातानं वळलेला, बोटाएवढ्या गाठीचा. तो आम्ही सगळ्यांनी रोज बघितला होता! मम्मीनं टेप लावताना वर सरकवला होता. डॉक्टरांनी मलम लावताना बाजूला केला होता. मावशी रोज त्याच्यावरनं मोजा चढवत होती. मी इतक्यांदा फोटो काढले, प्रत्येक फोटोत तो आहे. आणि कुणालाच दिसला नाही, कारण आमच्याकडं तो दिसायची वस्तूच नाही. म्हशीच्या गळ्यात असतो, गाडीच्या आरशाला असतो, बाळाच्या कमरेला असतो. तो अंगाचाच भाग.

मावशीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. "ह्यो? पोरी, ह्यो दरसाली असतोय. कदी एक केस गेला न्हाई."

"मावशी, दरसाली त्याच्यावर मोजा नव्हता."

ती खाली बसली. मोजा सोडला, दोरा बोटानं उचलला. गाठीखाली जखमेचा खड्डा, बरोब्बर गाठीच्या मापाचा.

मी ह्याच्यावर नंतर लय विचार केलाय. मोजा चुकीचा नव्हता. दोरा पण चुकीचा नव्हता. दोन्ही तिला राखायलाच बांधलेले. एक आमच्या घरातनं आला, एक तिच्या घरातनं. नुसता दोरा असताना काही झालं नाही, नुसता मोजा असलेल्या तीन पायांना काही झालं नाही. एकावर एक आले आणि मधली कातडी गेली. आता क्लासमध्ये मॅडम फिटिंग शिकवतात, कुठं सैल, कुठं घट्ट, कापडाची ओढ कुठल्या बाजूला, तेव्हा माझ्या मनात येतं की आधी विचारावं, ह्या माणसाच्या अंगावर आधीपासून काय आहे? रिकाम्या पुतळ्यावर सगळंच छान बसतं.

"मग काढा की दोरा," मी म्हणलं. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न! पण मावशीनं मान हलवली. दोरा तिच्या सासूनं बांधलेला. दरवर्षी कळप निघायच्या सकाळी म्हातारी स्वतः लोकर वळते, स्वतः बांधते, आणि परत घरी गेल्यावर स्वतःच सोडते. वाटेत सोडायचा नाही. आता म्हातारीला चालवत नाही, ती आटपाडीकडं घरीच असते. सगळ्या वाटेवर तिचं म्हणून जे काही त्यांच्याबरोबर जातं ते तेवढंच.

"इचारते आत्याबाईस्नी," मावशी म्हणाली. फोन लावला, स्पीकरवर, कारण म्हातारीला ऐकू कमी आणि मावशीला फोन कानाला लावायचा कंटाळा. मम्मी आणि मी दोन्हीकडनं वाकून.

"आत्याबाई, मी यशोदा."

"व्हय व्हय. मेंढरं बरी हायत न्हवं? छकुली?"

"समदी बरी हायत. तांबडीच्या पायाला जखम झालीया. उजव्या. तुमच्या दोऱ्याखाली."

 "दोऱ्यानं न्हाई व्हायची. दुसरं कायतरी आसंल."

"दोऱ्यानंच झालीया. गाठ रुतलीया. सोडू का?"

"न्हाई." आवाज एकदम लख्ख. "घाट उतरायचाय अजून. घाटात पोर हाय तिच्या पाठीवर. आदी न्हाई सोडायचा. खाली उतरा, मग बगू."

"व्हय आत्याबाई," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मम्मीकडं वळली. "तुमची कातर द्या."

मम्मी दचकली. "आवं, पण त्या तर न्हाई म्हणल्या ना?"

"म्हणल्या. त्यास्नी तितनं पाय दिसत न्हाई. मला दिसतोय."

मम्मीची कापडाची कात्री, जी ती मला कागदाला सुद्धा लावू देत नाही, तिनं पिशवीतनं काढून दिली. मावशी तांबडीपुढं बसली. दोऱ्यात कात्रीचं एक पातं घातलं, आणि थांबली. तिचे ओठ हलत होते, काहीतरी म्हणत होती, देवाला का म्हातारीला का घोडीला, मला ऐकू आलं नाही. मग कच्च. दोरा गळून पडला. तो तिनं मातीत राहू दिला नाही. उचलला, पदराला पुसला आणि स्वतःच्या मनगटाला गुंडाळून दातानं गाठ मारली.

"आता काय व्हायचं आसंल ते मला हुदी," ती म्हणाली. "तिला न्हाई, लेकराला न्हाई."

मम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती उगाच मला म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस, हळद आण!"

अण्णांनी पुढच्या रानाच्या मालकाशी बोलून मुक्काम वाढवून घेतला. म्हाकूमामांना काय सांगितलं माहीत नाही, पण अण्णांचा फौजी आवाज लांबपर्यंत आला, "पेशंट को डिस्चार्ज मिले बगैर मूव्हमेंट नहीं." उजवा मोजा मम्मीनं नव्यानं शिवला, जखमेच्या जागी फुग्याच्या बाहीसारखा फुगीर भाग ठेवून, शिवलेलं कुठंच टेकणार नाही असा. दिवसा मोजा, संध्याकाळी मलम, धुराजवळ उघडा पाय. खपली धरली. तांबडी त्या पायाचं टोक टेकायला लागली. पण टोकच. पूर्ण भार अजून नाही. म्हाकूमामा रोज सकाळी येऊन पाय बघायचे आणि परत मेंढरांकडं जायचे.  मग एका सकाळी कळप निघाला. तांबडीवर निम्मंच ओझं, निम्मं माणसांच्या डोक्यावर, आणि वर छकुली. मावशी म्हणाली, "मेढ्यापतूर बगू. म्होरं काय ते घाटात कळंल."

रान एकदम रिकामं झालं. मला घरात बसवेना. मेंढरांच्या चालीनं मेढ्याला जायला दिवस लागतात, ते मोजत बसायचं नाही असं ठरवलं तरी मोजले गेले. मम्मीनं जास्तीचे चार मोजे शिवून ठेवलेले मला दिसले. मग अण्णांनी गाडी काढली, मागं मम्मी आणि मी, तिघं एका मोटरसायकलवर, मोजे पोचवायचं निमित्त. मेढ्याच्या पुढं, जिथनं चढ लागतो, तिथं गाठलं त्यांना. हवा गार होती. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं. मेंढरं सगळ्या रस्त्यावर पसरलेली आणि मधी तांबडी, हिरव्या पायांची. शेडनेट मातीनं तपकिरी झालेली, एका टक्साची शिवण सुटलेली, एका नाडीच्या जागी सुतळी. म्हणजे टिकले होते. अगदीच नवे नाही, पण टिकले होते! मम्मी उतरल्या उतरल्या ती सुटलेली शिवणच बघायला गेली.

तेवढ्यात मागनं हॉर्न. सुबरावचा पिकअप. त्यानं काचेतनं डोकं बाहेर काढलं. "म्हाकू, आरं आजून ह्या लेगिंगवालीलाच घिऊन चाललायस व्हय? टाक वझं गाडीत. पोरगी दे वयनीच्या मांडीवर. घोडी हितंच कुनाला तरी देऊन टाकू. चढावर बसली तर काय करशील?"

म्हाकूमामांनी हातातली काठी मुलाकडं दिली. ते तांबडीजवळ आले, गुडघ्यावर बसले, उजव्या मोज्याच्या वरनं दोन बोटं आत घातली. सगळीकडनं फिरवली. मग घोट्याला तळव्यात धरून पाय उचलला, परत खाली ठेवला, आणि खांद्यानं तिला त्या अंगाला हळूच रेटलं. तांबडी हलली नाही. पाय सगळा जमिनीवर, सगळा भार त्याच्यावर. मावशी दोन पावलांवर उभी होती. ती नवऱ्याकडं बघत नव्हती, पायाकडं बघत होती.

म्हाकूमामा उठले, धोतराला हात पुसले.

"जावा तुमी फुडं."

"आरं पर बसली तर?"

"तर मी उचलीन. जा रं तू, मेंढरास्नी धूर लागतोय."

पिकअप घरघरत गेला. वाकळांच्या खळग्यात छकुली तोंड उघडं टाकून झोपली होती, तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. मावशीनं लगाम हातात घेतला, जिभेनं टक्क केलं, आणि तांबडीनं चढाला आधी उजवा पाय टाकला.